मंदी आधी हजेरीपटावर उतरते: खानदेशातील लोकप्रतिनिधी आणि अधिकाऱ्यांना खुले पत्र

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांचे पालकमंत्री, खासदार, आमदार. तसेच उद्योग, कामगार, रोजगार आणि रोजगार हमी ही कामे सांभाळणारे सर्व अधिकारी यांस,

सादर नमस्कार.

आम्ही खानदेशातल्या कारखान्यांचे, जिनिंगचे, डाळमिलांचे आणि मजूर ठेकेदारांचे हजेरीपट लिहिणारे लेखनिक. पगारपत्रक करणे आणि दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत भविष्य निर्वाह निधी व कर्मचारी राज्य विम्याची (ईएसआय) विवरणे भरणे हा आमचा धंदा. बाजार चढला की आमच्या हजेरीपटाला पाने जोडावी लागतात, बसला की रकाने कोरे राहतात. आमची फी माणशी ठरते, त्यामुळे माणसे कमी झाली की आमचीही मिळकत घटते; हा आमचा स्वार्थ आधीच सांगून टाकतो.

पत्र जाहीर लिहिण्याचे कारण असे. बाजार बसला की तुमच्याकडून दोनच उत्तरे येतात. एक, रोजगार मेळावा: मंडप, टेबले, अर्जांचा गठ्ठा आणि दुसऱ्या दिवशी पेपरात प्राथमिक निवड झालेल्यांची संख्या. दुसरे, बेरोजगारीचा दर तर खाली आला आहे. दोन्ही उत्तरे चुकीच्या प्रश्नाची आहेत. मंदीत इथल्या माणसाची नोकरी बहुतेक वेळा जात नाही, त्याचे दिवस जातात. आणि दिवस तुमच्यापैकी कुणीच मोजत नाही.

कसे जातात ते पाहा. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतले प्लास्टिक चटईचे मध्यम युनिट उदाहरणाला घेऊ. साठ माणसे, तीन पाळ्या, पाळीला वीस. त्यातली वीस कायम, चाळीस ठेकेदाराची. मागणी पाचव्या हिश्शाने घटली, तर हिशेबाने प्रत्येक पाळीत चार माणसे कमी व्हायला हवीत. तसे होत नाही. एक्स्ट्रूडर, म्हणजे प्लास्टिकचा दाणा वितळवून पट्टी काढणारे मशीन, अर्धे चालवता येत नाही. बॅरल तापवायला वीज तेवढीच लागते, सुरू करताना आणि बंद करताना दाणा वाया जातो, आणि पट्टी निघाली नाही तर लूम उभे राहतात. म्हणून मालक आधी ओव्हरटाइम तोडतो, मग रविवारची जोडपाळी, आणि तेवढ्याने भागले नाही की अख्खी रात्रपाळी बंद करतो. पाचव्या हिश्शाची घट तिसऱ्या हिश्शाची होऊन बसते. रात्रपाळीतले वीस जण उरलेल्या दोन पाळ्यांत फिरते घातले जातात. ठेकेदाराचा मुकादम कुणाला आठवड्यात चार दिवस बोलावतो, कुणाला तीन, कुणाला ‘फोन करतो’ म्हणून सांगतो. २६ हजेऱ्यांच्या जागी १८ लागतात. रोज ५०० रुपये धरला तर १३,००० चे ९,००० होतात. खोलीभाडे आणि किराणा मात्र पूर्ण महिन्याचा.

सकाळी साडेसहाला गेटवर उभा राहून ‘दादा, आज पाळी शे का?’ विचारणारा हा माणूस सरकारी व्याख्येत बेरोजगार नाही. केंद्र सरकारच्या आवर्ती श्रमबल सर्वेक्षणाच्या साप्ताहिक मोजणीत आठवड्यातल्या कोणत्याही एका दिवशी एक तास काम केले की माणूस रोजगारात धरतात. नेहमीच्या स्थितीच्या मोजणीत, वर्षाचा मोठा काळ रिकामा गेला तरी दुय्यम काम म्हणून ३० दिवस भरले की तो रोजगारातच. व्याख्या आंतरराष्ट्रीय आहे, तिच्याशी आमचे भांडण नाही. पण चार दिवसांवर आलेला आणि सहा दिवस भरणारा या दोघांना एकाच रकान्यात टाकून त्यावर जिल्ह्याचे धोरण आखायचे, याच्याशी आहे.

तेजी आली की हाच क्रम उलटा फिरतो. आधी असलेल्याच माणसांना बारा-बारा तास लावले जाते. कायद्याने ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. किती ठिकाणी तो ‘सिंगल’ने दिला जातो हे तुम्हालाही ठाऊक आहे. मग ठेकेदाराची माणसे परत येतात. कायम भरती सगळ्यात शेवटी, ऑर्डर टिकते आहे अशी मालकाची खात्री पटल्यावर, आणि पुष्कळदा त्याआधीच पुढची मंदी येते. म्हणून बाजार सुधारला तरी नोकऱ्या लगेच सुधारत नाहीत. अमेरिकेतली मोठी मंदी अधिकृतपणे जून २००९ मध्ये संपली, पण तिथली बेरोजगारी १० टक्क्यांच्या शिखरावर पोचली ती ऑक्टोबर २००९ मध्ये. त्याआधीची मंदी नोव्हेंबर २००१ मध्ये संपली, तिच्या बेरोजगारीचे शिखर आले जून २००३ मध्ये, म्हणजे १९ महिन्यांनी. तिथे निदान दर महिन्याला मोजतात, म्हणून हे कळते. इथे ‘आता बाजार उठला, योजना आवरा’ असे ठरते तेव्हा हजेरीपट अजून अर्धे कोरेच असतात.

आता दर खाली आल्याबद्दल. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे उत्पन्न आदल्या वर्षीच्या तुलनेत जवळजवळ २४ टक्क्यांनी घसरले. शहरांतली साप्ताहिक मोजणीची बेरोजगारी आधीच्या तिमाहीत ९ टक्क्यांच्या आसपास होती, ती सुमारे २१ टक्क्यांवर गेली. इथवर सगळे पुस्तकात लिहिल्यासारखे. पण नेहमीच्या स्थितीच्या मोजणीतला, अख्ख्या देशाचा वार्षिक आकडा बघा: जुलै २०१८ ते जून २०१९ मध्ये ५.८ टक्के, ज्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत टाळेबंदी होती त्या २०१९-२० मध्ये ४.८, आणि २०२०-२१ मध्ये ४.२. स्वातंत्र्यानंतरची सगळ्यात मोठी आर्थिक घसरण आणि बेरोजगारीचा दर कमी!

सर्वेक्षण खोटे नाही. त्याच सर्वेक्षणात पुढचा रकाना आहे. देशातल्या एकूण काम करणाऱ्यांत शेतीचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, २०१९-२० मध्ये ४५.६ आणि २०२०-२१ मध्ये ४६.५ झाला. माणसे कारखान्यातून निघाली आणि बांधावर जाऊन उभी राहिली. घरच्या शेतात बिनपगारी राबणाराही रोजगारातच मोजतात. आणि बाजार उठल्यावर ती परत आली का? २०२३-२४ मध्ये शेतीचा वाटा अजूनही ४६.१ टक्के होता. नियमित पगारावरची माणसे २०१८-१९ मध्ये २३.८ टक्के होती, ती २०२३-२४ मध्ये २१.७ टक्के राहिली. त्या वर्षी बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता, आणि त्याबद्दल अभिनंदनाचे ठरावही झाले.

अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञ आर्थर ओकन यांनी १९६२ मध्ये उत्पन्नाची घट आणि बेरोजगारीची वाढ यांचे प्रमाण मांडले. ते तिथे चालते, कारण काम गेलेल्या माणसाला भत्त्याचा आधार असतो, तो काम शोधत थांबतो आणि बेरोजगार म्हणून मोजला जातो. पारोळ्याचा, धडगावचा माणूस कुठे जाणार? बेरोजगार राहणे हेही परवडावे लागते. म्हणूनच याच सर्वेक्षणांत शिकलेल्यांचा दर अडाण्यांपेक्षा जास्त येतो: पदवीवाल्याच्या मागे निदान बापाची दोन एकर किंवा भावाची नोकरी असते, तो थांबू शकतो. ज्याच्यामागे काहीच नाही तो मिळेल ते करतो आणि ‘रोजगारात’ जातो.

खानदेशात ही मंदी शेतात कशी जिरते ते कपाशीच्या वेचणीत दिसते. वेचणीची मजुरी किलोवर. शेतात बोंडे तेवढीच, वेचणारी माणसे वाढली की प्रत्येकाच्या ओटीतले किलो कमी. दर बदललेला नसतो, त्यामुळे मजुरीच्या दराच्या तक्त्यात काहीच दिसत नाही; बाई मात्र संध्याकाळी काट्यावर कमी वजन घेऊन येते. सुरतेहून परतलेल्या पुरुषाचा तोटा असा गावातल्या निंदणी-वेचणीच्या बायकांच्या अंगावर वाटला जातो. सालदारकीचे, म्हणजे वर्षभराच्या ठरावाने शेतावर राबण्याचे, गणित आणखी संथ: साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरते, तेव्हा मंदी भाद्रपदात आली तरी सालाच्या रकमेवर तिचा परिणाम दिसायला पुढची आखाजी उजाडावी लागते.

सुरतेचे नाव निघाले म्हणून. उधना, लिंबायत भागांत निम्मे बोलणे अहिराणीत ऐकू येते. सुरतेच्या कापड बाजारात मरगळ आली की तिची पहिली खबर आमच्याकडे उधना-जळगाव मार्गावरच्या गाड्यांतून येते. नवापूर स्टेशनाचा फलाट अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत; मंदी त्या रेषेवर थांबत नाही, पण तुमची नोंद थांबते. सुरतेतली नोकरी गेली ती गुजरातच्या आकड्यात, आणि माणूस शहाद्याला येऊन शेतात लागला तो महाराष्ट्राच्या रोजगारात. दोन्ही राज्यांच्या वह्या जुळतात, माणूस तेवढा हिशेबातून निसटतो. नंदुरबारच्या ऊसतोडीच्या टोळ्यांचे वेगळे: उचल दिवाळीच्या आगेमागे घेतलेली असते, त्यामुळे मजुरी घटली तरी काम सोडता येत नाही, उलट फेडीसाठी पुढच्या हंगामाचीही उचल घ्यावी लागते. त्यांच्याकडे मंदी रिकाम्या दिवसांच्या रूपाने येत नाही, कर्जाच्या रूपाने येते.

जिनिंगमध्ये तर तेजीतूनही बेकारी निघते. २०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलला १०,००० रुपयांचा टप्पा ओलांडला. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल म्हणून शेतकऱ्यांनी कापूस घरात भरून ठेवला. कापूस होता, जिन होती, माणसे होती, आवक नव्हती. जिन चालते गाठींवर, आणि तिथला हमाल, गाडी खाली करणारा, प्रेसवाला हे सगळे नगावर. आवक नसली की त्या दिवशी हजेरीच लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ झाले आणि ती माफी पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली गेली. निर्णय सूतगिरण्यांच्या सोयीचा होता, त्याला कारणेही होती. पण खानदेशातल्या जिनिंगच्या रोजंदारीवर नव्या हंगामाच्या तोंडावर त्याचे काय होणार, हे तुमच्यापैकी कुणी विचारल्याचे आम्हाला तरी दिसले नाही.

काही मंद्या तर सरकारी टेबलावर तयार होतात. ठिबकचे घ्या. राज्याच्या पूरक अनुदानासह अल्प व अत्यल्प भूधारकाला ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के अनुदान कागदावर आहे. ते वेळेवर खात्यात येत नाही तेव्हा शेतकरी पुढचा संच घेत नाही आणि विक्रेता कंपनीचे बिल थकवतो. बागायती कपाशीची लागवड मे महिन्यात होते, म्हणून नळीची ऑर्डर एप्रिलमध्ये पडायला हवी. मार्चअखेरला अडकलेले अनुदान जुलैत सुटले तर ते सरकारच्या हिशेबाने ‘दिले’, पण पाइप-ठिबकच्या मशीनवरची एप्रिल-मेची रात्रपाळी गेली ती गेली. दिवस साठवून ठेवता येत नाहीत.

आता आमच्या तक्रारी.

तुमचे औषध रोगाशी जुळत नाही. बेकारी तीन तऱ्हेची असते, हे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातही दिलेले असते. एका कामातून दुसऱ्यात जाताना मध्ये पडणारे अंतर; हुन्नरच कालबाह्य झाल्याने आलेली बेकारी, जशी खानदेशात कापडगिरण्या बंद पडल्यावर आली; आणि मागणी बसल्याने येणारी. मेळावा पहिलीवर उपयोगी, प्रशिक्षण दुसरीवर. तिसरीवर दोन्ही निरुपयोगी, कारण जागाच नसतात. मंदीतल्या मेळाव्यात टेबले मांडायची म्हणून मांडली जातात: सुरक्षारक्षक, विमा प्रतिनिधी, पुण्याकडच्या कारखान्यात सहा महिन्यांचे काम. आयटीआय झालेल्या टर्नरला लेथ हवी असते. २०२४ मध्ये आलेल्या युवा कार्य प्रशिक्षणाच्या विद्यावेतनाचेही (बारावीला ६,०००, आयटीआय व पदविकेला ८,०००, पदवीला १०,००० रुपये) तेच: ठरावीक महिने संपल्यावर मुलगा पुन्हा बाहेर, मग बाहेर तेजी असो की मंदी. मंदीत शिकून बाहेर पडलेल्या मुलाची पहिली दोन-तीन वर्षे वाया गेली की हाताचा सराव मोडतो, आणि पुढे तेजी आली तरी मालक ताज्या बॅचमधला घेतो. ही झळ मंदी संपल्यावरही राहते.

कायद्यातले संरक्षण नेमके ज्याला हवे त्याच्यापर्यंत पोचत नाही. काम नसल्याने बसवून ठेवले, म्हणजे ले-ऑफ दिला, तर मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई द्यावी लागते. त्यासाठी कारखान्यात ५० कामगार हवेत, माणसाचे वर्ष (प्रत्यक्षात २४० दिवस) भरलेले हवे, बदली किंवा नैमित्तिक कामगार नको, हंगामी कारखाना नको. शिवाय ठरल्या वेळी रोज गेटवर येऊन हजर असल्याचे दाखवावे लागते. ही शेवटची अट वाचा. मुकादमाने फोनवर ‘उद्या येऊ नको’ सांगितले आणि माणूस घरी राहिला, की त्याचा हक्क तिथेच गेला. आमच्याकडची बहुतेक युनिटे पन्नाशीच्या आतली. काही खरोखर, काही एकाच शेडला दोन फर्मच्या पाट्या लावून. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने कामगार कपात झालेल्याला पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांचा पगार ४५ दिवसांत देण्याची तरतूद आणली, ती चांगली आहे. पण मुदतीच्या नेमणुकीची मुदत संपणे म्हणजे कपात नव्हे, असेही तीच संहिता म्हणते. मंदीत सगळ्यात आधी निघतो तो मुदतवालाच.

आणि राज्य विम्याच्या विवरणातला कारणाचा रकाना. महिन्यात एकही दिवस न भरलेल्या माणसापुढे कारण निवडावे लागते: ‘रजेवर’, ‘नोकरी सोडली’, ‘कामावरून कमी केले’, ‘काम नाही’ वगैरे. ठेकेदाराकडून आम्हाला निरोप येतो: ‘सोडली’ टाका. कमी केले म्हटले की नोटीस, भरपाई, प्रश्न. या एका क्लिकने दोन गोष्टी होतात. जिल्ह्यात कपात झाल्याचा पुरावा पुसला जातो, आणि त्या माणसाचा अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा दावा लटकतो, कारण ती मनाविरुद्ध काम गेलेल्यांसाठी आहे. १ जुलै २०१८ पासून आलेल्या या योजनेत बेकार झाल्यावर सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के रक्कम ९० दिवसांपर्यंत होती. २०२० मध्ये ती ५० टक्के केली आणि काम सुटल्यापासून ३० दिवसांनी कामगाराला थेट दावा करता येईल असे केले. पण योजना मुदतवाढीवर जगते, आणि आमच्या पगाराच्या खिडकीवर दहापैकी नऊ जणांना तिचे नाव माहीत नसते. हे ‘सोडली’ टाकणारे बोट आमचेच असते, हेही इथे लिहून ठेवतो.

दुसरीकडे काय केले गेले ते थोडक्यात सांगतो. २००९ मध्ये जर्मनीचे उत्पन्न ५ टक्क्यांच्या आसपास घसरले, तरी बेरोजगारी जेमतेम हलली. तिथे कारखान्यांनी माणसे न काढता तास वाटून घेतले आणि बुडालेल्या तासांच्या पगाराचा मोठा हिस्सा सरकारी रोजगार विम्याने भरला; त्या वर्षी एका वेळी १४ लाखांहून अधिक कामगार या सोयीवर होते. स्पेनचे उत्पन्न त्या वर्षी जर्मनीपेक्षा कमी घसरले, पण तिथे मंदीआधी जवळजवळ तिसरा हिस्सा कामगार तात्पुरत्या करारावर होते. बेरोजगारी २००७ मध्ये ८ टक्क्यांच्या आसपास होती, २०१३ मध्ये २६ टक्क्यांवर गेली. मंदी सारखीच, कोण बाहेर पडणार हे कराराने आणि सरकारी सोयीने ठरले. आमची रचना स्पेनची आहे, फक्त आकडा दाखवायला शेत मध्ये येते.

मागण्या पाच आहेत, आणि पहिलीला एक पैसाही लागत नाही.

भविष्य निर्वाह निधीच्या मासिक विवरणात प्रत्येक माणसापुढे एक रकाना असतो: एनसीपी दिवस, म्हणजे ज्या दिवसांचा पगार मिळाला नाही ते दिवस. राज्य विम्याच्या विवरणात त्याच्या उलट, किती दिवसांचा पगार दिला ते असते. दोन्ही दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत संगणकावर चढलेले असतात. म्हणजे कारखान्यांत किती दिवस बुडाले हे सरकारला जिल्हावार, उद्योगवार, एका महिन्याच्या आत ठाऊक असते. फक्त बेरीज कुणी करत नाही. ती करा. नावे नकोत, फर्म नकोत. प्रत्येक तालुक्यात माणशी सरासरी किती दिवस भरले, किती जणांचे शून्य दिवस आणि त्यांची कारणे काय, एवढेच. शेजारी महावितरणच्या औद्योगिक ग्राहकांचा त्या महिन्याचा वीजवापर ठेवा. विवरणात न येणारी छोटी युनिटे त्यात दिसतील. हे पत्रक दर महिन्याच्या २५ तारखेला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लावा. निधी व विम्याची खाती केंद्राची आहेत, हे उत्तर येणारच. म्हणून पत्रावर खासदारांचेही नाव घातले आहे. जानेवारी २०२५ पासून श्रमबल सर्वेक्षणाच्या नमुन्यात जिल्हा हा मूळ घटक धरला जातो, त्यामुळे तिन्ही जिल्ह्यांचे आकडे मागायलाही आता जागा आहे.

तुलना करताना एक काळजी घ्या. आदल्या महिन्याशी तुलना करू नका. दिवाळीच्या महिन्यात पाळ्या कमीच असतात, फेब्रुवारीला दिवस कमी, जिनिंग उन्हाळ्यात थंडावतेच. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा. दिवाळी कधी ऑक्टोबरात कधी नोव्हेंबरात येते, म्हणून ते दोन महिने एकत्र धरा. सलग दोन महिने भरलेले दिवस दहा टक्क्यांहून अधिक घटले तर त्या तालुक्यात मंदी आहे असे मानून पुढच्या तीन गोष्टी आपोआप सुरू व्हाव्यात, बैठकीची वाट न पाहता. हीच आमची दुसरी मागणी. टक्का दहा असावा की बारा, यावर वाद घाला. पण आकडा आधी ठरवा, मंदी आल्यावर नको.

आपोआप सुरू व्हायच्या गोष्टींत पहिली, पाळ्या वाटून घेणाऱ्या युनिटाला मदत. वर घेतलेल्याच युनिटचा हिशेब: साठ माणसे २६ ऐवजी २० दिवसांवर आली तर महिन्याला ३६० दिवस बुडतात, ५०० रुपयांनी १,८०,००० रुपये. त्यातला निम्मा भार जिल्हा निधीने उचलला तर ९०,००० रुपये. अट एवढीच की त्या काळात एकही माणूस कमी करायचा नाही, ठेकेदाराचाही नाही, आणि पैसे मालकाच्या नव्हे तर कामगाराच्या खात्यात. तीन महिन्यांची मर्यादा घाला. गैरवापर होईल, मालक एरवीही बंद ठेवणार असलेली पाळी दाखवून पैसे काढेल. त्यासाठी वीजबिल शेजारी ठेवा, दिवस घटले आणि विजेची युनिटे तेवढीच राहिली तर दावा खोटा.

दुसरी, रोजगार हमी. हा महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात उभा केलेला आणि १९७७ मध्ये कायद्यात बांधलेला हक्क आहे. काम मागितल्यापासून १५ दिवसांत न मिळाल्यास भत्ता, हे कलम २००५ च्या केंद्रीय कायद्यातही आले. पण १५ दिवस मोजायचे कुठून? मागणी अर्जाच्या तारीख घातलेल्या पोचपावतीपासून. पावती नाही म्हणजे मागणी नाही, मागणी नाही म्हणजे भत्ता नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीत छापील, क्रमांक असलेले पावतीपुस्तक ठेवा आणि मंदी जाहीर झालेल्या तालुक्यात कामांचा शेल्फ, म्हणजे करायच्या कामांची तयार यादी, आधी मंजूर करून ठेवा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने केलेल्या नव्या कायद्यात दिवस १२५ झाले, पण पेरणी-काढणीच्या हंगामात वर्षाला ६० दिवस कामे बंद ठेवण्याची तरतूदही आली. ते ६० दिवस तिन्ही जिल्ह्यांना एकाच तारखेने लावू नका. रावेर-यावलची केळी बारमाही, अमळनेर-पारोळ्याची कपाशी वेगळी, अक्कलकुवा-धडगावची पहिली पेरणी वेगळी. आणि सुरतेहून माणसे परतत असतील तर त्या साली ही बंदी लावूच नका, कारण शेतात तेव्हा माणसे आधीच जास्त झालेली असतात.

तिसरी, औद्योगिक वसाहतीच्या गेटवर महिन्यातून दोन दिवस दाव्यांचे टेबल. विमा क्रमांक, आधार, बँक पासबुक एवढ्यावर अटल योजनेचा दावा तिथेच भरून द्या. कामगाराने ‘मी सोडली नाही, मला येऊ नको सांगितले’ असे लिहून दिले की ‘सोडली’ची नोंद तपासण्याची जबाबदारी खात्याची, त्याची नव्हे.

आता पाचांपैकी उरलेल्या मागण्या. तिसरी मागणी सरकारच्या स्वतःच्या देण्यांची: ठिबकचे अनुदान आणि छोट्या ठेकेदारांची बिले. सूक्ष्म व लघू उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे. तो खासगी खरेदीदाराला सांगण्याआधी सरकारी खात्यांनी पाळावा, आणि ठिबकचे थकीत अनुदान दरवर्षी १५ एप्रिलच्या आत मोकळे करावे.

चौथी, मेळावे बंद करा असे आम्ही म्हणत नाही. पण प्रत्येक जागेसमोर पगार, गाव, पाळी आणि नेमणूक कायम की मुदतीची हे छापा, आणि तीन महिन्यांनी त्यातले किती जण अजून कामावर आहेत ते त्यांच्या निधी खात्यावरून तपासून जाहीर करा. ‘प्राथमिक निवड’ हा शब्द वापरू नका.

पाचवी, कारणाच्या रकान्याबद्दल. ज्या ठेकेदाराच्या यादीत एकाच महिन्यात दहा टक्क्यांहून अधिक माणसांनी एकदम ‘नोकरी सोडली’ असेल, त्याची चौकशी त्याच महिन्यात व्हावी. मंदीत माणसे एकगठ्ठा नोकरी सोडत नाहीत, तेजीत सोडतात. चार पैसे जास्त मिळतात म्हणून शेजारच्या शेडमध्ये जातात. भर मंदीत चाळीसातल्या बारा जणांनी एकाच तारखेला राजीखुशीने काम सोडले, हे विवरण आम्ही भरतो आणि ते बिनबोभाट स्वीकारले जाते.

येत्या १५ तारखेला आम्ही पुन्हा एनसीपीचा रकाना भरणार आहोत. २५ तारखेला फलकावर पहिले पत्रक लागले का, ते पाहायला आमच्यातले तिघे जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या कार्यालयांत येतील.

आपले,
खानदेशातील हजेरीपट व पगारपत्रक लिहिणारे लेखनिक